बेचाळीस डब्यांची विल्हेवाट

मी, नरहरी गोविंद चिखलीकर, वय वर्षे चौसष्ट, सिलतऱ्याच्या एका स्पंज आयर्न कारखान्याचा निवृत्त स्टोअर-इन्चार्ज, राहणार बुढापारा, रायपूर, हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. आमच्या गल्लीतले डॉ. शरच्चंद्र बक्षी यांनी तपासून तसा दाखला दिला आहे. रक्तदाब वाढलेला निघाला, त्याचे कारण त्यांनी विचारले, ते मी सांगितले नाही. पुढे येईलच. माझ्यावर कोणाचा दबाव नाही, घरात सध्या मी एकटाच आहे. याच महिन्यात केलेले आधीचे दोन मसुदे मी फाडले असून ते रद्द समजावेत.

१. माझ्या मागे पत्नी सौ. वनमाला आणि एकुलती एक विवाहित मुलगी निधी, मुक्काम बिलासपूर, या दोघीच वारस आहेत. बँकेतील ठेवीवर वनमालाचे नाव लागलेले आहे, ते तसेच राहावे. वाद घराचा आहे, आणि घराचा निर्णय करण्याआधी डब्यांची हकीकत लिहिणे भाग आहे.

२. मी आयटीआयमधून रेडिओ मेकॅनिक झालो. १९८८ साली लग्न झाले आणि दुसऱ्याच वर्षी बूढा तालाबाजवळ दुकान घ्यायचे ठरवले. सागवानी फळीवर पेंटरकडून पाटीही रंगवून घेतली, हिरव्या अक्षरांत, पिवळ्या काठाची: ‘वनमाला रेडियो सर्विस’. दुकान काही जमले नाही. निधी झाली, मागोमाग सिलतऱ्याची नोकरी आली, आणि दुकान निवृत्तीनंतर काढू असे मी वनमालाला सांगितले. तिने मान हलवली होती. तेव्हापासून मी सुटे भाग जमवत गेलो. ट्रान्सफॉर्मर, स्पीकर, व्हॉल्व्ह, बटणे, तारा, जे हाती लागेल ते. तेलाच्या पंधरा किलोच्या पत्र्याच्या डब्यांत भरून प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने नंबर घातला. असे बेचाळीस डबे झाले. मागची खोली भरली, मधल्या खोलीतल्या पलंगाखालची जागा भरली. निधीला पाहायला आलेली मंडळी डबा क्रमांक एकोणीस आणि वीस यांच्यावर बसून पोहे खाऊन गेली, हे मी नाकारत नाही. शिलाई मशीन ठेवायला वनमालाने एकदा कोपरा मागितला होता. दुकान निघाले की सगळी खोली तुझीच, असे मी म्हणालो. तिने पुन्हा मागितला नाही, आणि मी ते समाधान समजलो.

३. कारखान्यात माझ्या स्टोअरमधून स्लिपशिवाय एक नट कधी बाहेर गेला नाही. ऑडिटवाले दरवर्षी माझे रजिस्टर दुसऱ्या विभागांना दाखवायचे. हे येथे बढाईसाठी लिहीत नाही, अपमान किती झाला ते कळावे म्हणून लिहितो.

४. यंदा दिवाळीच्या साफसफाईत घर एकदाचे लावायचे असा मी निश्चय केला. निधीने फोनवर घर आवरण्याचे व्हिडिओ पाठवले आणि पारदर्शक प्लास्टिकच्या चोवीस पेट्याही पाठवल्या. त्या ठेवायला जागा नसल्याने दोन दिवस मी ओसरीत त्यांच्यातच बसून जेवलो. तिचे म्हणणे, जो सामान छह महीने में काम नहीं आया, वो निकाल दो पापा. मी माझ्या पद्धतीने गेलो. आधी नवे रजिस्टर आखले. मग मधल्या खोलीतल्या पसाऱ्याचे सात ढीग केले: चालू, बंद, दुरुस्तीलायक, दुसऱ्याचे, जोडीतले एकच, कशाचे आहे ते माहीत नाही, आणि ठरायचे आहे. चौथ्या दिवशी पहिले सहा ढीग सातव्यात मिळाले. मग म्हटले, डब्यांपासून सुरुवात करू, तिथे निदान शिस्त आहे.

येथे मला संशय यायला हवा होता. पसारा काढा म्हणून छत्तीस वर्षे कटकट करणारी बाई दाराशी येऊन म्हणाली, “राहू द्या न. काहून उपसून राहिले?” मला वाटले, वयाने मऊ झाली.

५. डबा क्रमांक सात उघडला. आत दोन विटा निघाल्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, आणि हलवल्यावर वाजू नये म्हणून भोवती चिंध्या कोंबलेल्या. क्रमांक आठमध्ये वीट आणि रेती. संध्याकाळपर्यंत बेचाळीसपैकी एकोणचाळीस डबे उघडले, सगळ्यांची हीच गत. तळाचे तीन तेवढे भरलेले होते, कारण ते तिच्याने हलले नाहीत. कागदांवरच्या तारखा मी रजिस्टरमध्ये उतरवल्या आहेत. सर्वांत जुना कागद जुलै १९९८ चा, सर्वांत नवा मार्च २०१९ चा. मी सकाळच्या बसने सिलतऱ्याला जायचो आणि मागे हे चालायचे. एकवीस वर्षे ती माझा डबा भरून द्यायची आणि हे डबे रिकामे करायची.

मला आधी वाईट वाटले. राग नंतर आला. मी तिला समोर बसवून विचारले. तिने पदराने हात पुसले आणि म्हणाली, “डबा एकबी हलवला नाही मी. सत्तावीस वर्षांत तुमाले आतलं काही लागलं काय?”

आता रेडिओ दुरुस्तीला कोणी आणत नाही, हे मलाही कळते. निवृत्त होऊन चार वर्षे झाली, मी दुकानासाठी जागासुद्धा पाहायला गेलो नाही, तेही कबूल. पण दुकान निघणार नाही हे ठरवायचा हक्क माझा होता. तो तिने १९९८ च्या जुलैतच वापरून टाकला, आणि मला दर रविवारी डब्यांवरची धूळ झटकू दिली.

६. पाटीचे विचारले. ती खोलीच्या कोपऱ्यात चादरीत गुंडाळून उभी असायची. चादर सोडली तर आत प्लायवुड. “आहे घरातच,” एवढेच वनमाला म्हणाली आणि भाजी निवडू लागली. मी ते खोटे धरले. त्या दिवशी पहिला मसुदा केला: घर निधीला, वनमालाला फक्त राहण्याचा हक्क.

तो निधीला फोनवर वाचून दाखवला. तिने तो शेवटपर्यंत ऐकला. मग म्हणाली, “पापा, ईंटें मैंने भी उठाई हैं. आठवीं में थी. मम्मी ने कसम दी थी.” दुसऱ्या मसुद्यात मी घर आमच्या मराठी मंडळाच्या वाचनालयाला दिले.

७. राकेश साहू, भंगारवाला, आमच्याच गल्लीत राहतो. इतकी वर्षे रोज सकाळी त्याने मला “प्रणाम बाबूजी” म्हटले आहे, माझे ट्रान्सफॉर्मर वितळवून झाल्यावरही. मी जाब विचारला तेव्हा तो म्हणाला, “हव बाबूजी, ले गे रहेंव. भाभी बोले रिहिस, डब्बा ला झन छूबे.” म्हणजे माल त्याने नेला, पण डब्यांना हात लावायचा नाही असे वनमालाने बजावले होते. विटाही त्यानेच आणून दिल्या होत्या. त्या सर्व विटा त्याला परत देण्यात याव्यात.

८. चोवीस प्लास्टिकच्या पेट्या निधीला परत. माझा मल्टीमीटर आणि सोल्डरिंगचे सामान कारखान्याच्या पिशवीत असल्यामुळे वाचले, तेही तिलाच. लहानपणी मी काम करताना ती टॉर्च धरायची आणि तिचा हात हलायचा नाही. कसम पाळल्याबद्दल तिच्यावर माझा राग आहे, तो मी जिवंत असेपर्यंत राहील. पुढे तिने तो मनावर घेऊ नये.

९. एकोणचाळीस रिकामे डबे वनमालाचे. तळाचे तीन भरलेले डबेही तिचेच, आता तिला चोरून उघडण्याची गरज नाही. मागच्या खोलीत खिडकीशी शिलाई मशीन बसवावे. ते मी हयातीतच करणार आहे, पण माझ्याकडून कामे राहून जातात हे लक्षात घेऊन येथे लिहिले.

१०. आता घर.

वनमाला भाऊबीजेसाठी अकोल्याला भावाकडे गेली, ती तुळशीच्या लग्नानंतर येईल. जाताना आम्ही फारसे बोललो नाही. परवा चहासाठी गॅस पेटवला आणि लायटर हातातून सुटून ओट्याखाली गेला. माझी उंची सहा फूट, ओट्यावरच्या फळीवरचे मसाल्यांचे डबे माझ्या नाकासमोर येतात, फळी म्हणून मी कधी पाहिली नव्हती. लायटर काढायला वनमालाच्या पाटावर बसलो. उठण्यासाठी वर पाहिले तर फळीच्या खालच्या बाजूला हिरवी अक्षरे होती, पिवळा काठ होता. ओटा २००३ साली बांधला, फळी तेव्हाच ठोकलेली आहे. वनमाला पाच फूटही नाही. हळद घ्यायला मान वर केली की तिला ती पाटी दिसत असणार, सकाळ-संध्याकाळ, बावीस वर्षे.

गॅसच्या वरची फळी खालून तेलकट व्हायला हवी. मी बोट फिरवून पाहिले. ती पुसलेली होती, परवाची किंवा तेरवाची नव्हे, नेहमीची पुसलेली. मी बराच वेळ पाटावर बसून राहिलो, चहा उतू गेला.

म्हणून बुढापाऱ्याचे राहते घर, जागेसह, पूर्ण मालकी हक्काने मी वनमालाला देतो. निधीने यावर हक्क सांगू नये. मी क्षमा केलेली नाही, तशी समजूत कोणी करून घेऊ नये. पुढे कोणी स्वयंपाकघर नवे करायला काढले तरी ती फळी आहे तशीच राहील, अक्षरे खाली.

११. हे मृत्युपत्र डॉ. बक्षींकडे बंद पाकिटात राहील. मी ती फळी खालून पाहिली, हे मी जिवंत असेपर्यंत वनमालाला कोणीही सांगायचे नाही. तिने एवढी वर्षे मला काही कळू दिले नाही. एक गोष्ट मलाही ठेवता येईल.

वरील सर्व मजकूर माझाच आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर सही करत आहे, आणि त्यांनी माझ्यासमोर आपापल्या सह्या केल्या आहेत.

(सही) नरहरी गोविंद चिखलीकर

साक्षीदार पहिले: (सही) डॉ. शरच्चंद्र बक्षी. रक्तदाब आज पुन्हा तपासला, ठीक आहे.

साक्षीदार दुसरे: (सही) राकेश साहू, भंगार व्यवसाय. यांना निवडण्याचे कारण, घरातल्या मालाची यांच्याइतकी माहिती कोणाला नाही, आणि या घरातली गोष्ट मला न सांगण्याचा यांना सराव आहे. आता तो वनमालाच्या बाबतीत वापरावा.

ठिकाण: बुढापारा, रायपूर. स्वयंपाकघर, पाटावर बसून.
दिनांक: ३० ऑक्टोबर २०२५