इसाकाच्या घरचा चेहरा

उम्म अल कुवैन,
१० ऑगस्ट २०२५

ती. सौ. आशाताईस,
नागेशचा सा. न. वि. वि.

आपल्याकडचा गनी इथून सुट्टीवर गावी निघालाय. त्याच्या हाती हे पत्र आणि भावोजींच्या गुडघ्यांसाठी बाम पाठवतोय. फोन केला की तू स्पीकर लावतेस आणि अख्खी आळी ऐकते, म्हणून लिहायला बसलो.

तुझी दर्शना दुबईत अल बर्शाच्या मंडळात गणपतीचं नाटक बसवते आहे. तुझी नात संपदा देवी होणार. जावई विघ्नेश राक्षस, शोभतील. राक्षसाचा मुखवटा मामाने करायचा. मंडळी म्हणाली, मामा, पुठ्ठ्याचा चालेल. मी सुतार, पुठ्ठा हातात धरत नाही. जुन्या पुस्तकांच्या दुकानात आफ्रिकेतल्या मोसी लोकांच्या मुखवट्यांचं पुस्तक मिळालं, त्यातला एक जसाच्या तसा उतरवला. चेहरा लंबगोल आणि आत खोलगट, मधोमध नाकाच्या जागी दातेरी कणा, डोळ्यांना त्रिकोणी भोकं. कपाळावरून वर उभी फळी जाते, माणसाच्या उंचीची. रंग तीनच, तांबडा, पांढरा, काळा. ते लोक सगळा एका ओंडक्यातून काढतात, तर मीही कुठे जोड दिलेला नाही. आठवी नापास माणसाचं काम आहे, पुस्तकाशेजारी ठेव आणि फरक दाखव.

आमच्या वर्कशॉपमधला रंगारी इसाका त्याच मोसी लोकांपैकी, बुर्किना फासोचा. माझा रोजचा जेवणाचा सोबती. त्याला मुद्दाम काही सांगितलेलं नाही. नाटकाला पुढच्या रांगेत बसवणार. आपल्या मुलखाची वस्तू इथे बघून माणूस किती खूश होईल.

आहे ती माया अशीच राहू दे.
तुझा नागेश

देवरुख,
२० ऑगस्ट २०२५

चि. नागेशास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

गनी पत्र देऊन गेला, बाम देऊन गेला आणि तू वाळलास हेही सांगून गेला. मुखवट्याचं वाचून हे म्हणाले, मेहुण्याने केलेल्या आमच्या देव्हाऱ्याला अजून दार नाही, राक्षसाला मात्र जोडही नाही.

एक विचारते, रागावू नको. तो त्या लोकांचा राक्षसच आहे ना? शिमग्यात आपल्या पालखीला देवाची रूपं लागतात, चांदीचे मुखवटे, ती परक्याने पाहिली तर त्यालाही मिशा आणि वटारलेले डोळेच दिसतील. इसाकाला आधी विचारून घे. सरप्राइज बायकोला साडीचं द्यावं, दुसऱ्याला त्याच्या देवाचं देऊ नये.

जेवणाची हेळसांड करू नको. आमची आठवण असू दे.
तुझी आशाताई

उम्म अल कुवैन,
१५ सप्टेंबर २०२५

ती. सौ. आशाताईस,
सा. न. वि. वि.

रोज लिहायला बसतो आणि उठतो.

मी इसाकाला विचारलं नाही. हे मुखवटे कधी आणि कुणासाठी बाहेर काढतात, यावर पुस्तकात शेवटचं प्रकरण आहे. ते मी सोडलं होतं. करवतीला त्याची गरज नव्हती.

नाटक रंगलं. संपदाने त्रिशूळ मारला, विघ्नेश पडले, मुखवटा सुटला. शिकवल्याप्रमाणे तिने त्यावर पाय ठेवला. टाळ्या पडल्या. मग पोरं फळी धरून तो स्टेजभर ओढायला लागली. तेवढ्यात इसाका उठला. डोक्यावरची टोपी काढली, स्टेजवर चढला, मुखवटा उचलला, अंगातल्या शर्टाच्या टोकाने पुसला, भिंतीशी उभा केला आणि मान खाली घालून त्याच्या शेजारी उभा राहिला. लोकांना वाटलं, हाही नाटकातलाच भाग. कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "राक्षस का बाप आ गया." अख्खा हॉल हसला. हिंदी इसाकाला माझ्याइतकीच येते.

परतताना गाडीत मी त्याला विचारलं. त्याने सांगितलं की त्याच्या घराण्यात म्हातारं माणूस गेलं की असा चेहरा येतो, त्याला पोचवायला. तो नमाजी माणूस आहे, पण घराण्याचं ते घराण्याचं. मार्चमध्ये त्याचे वडील गेले. त्याला सुट्टी मिळाली नाही. तिथे तो चेहरा येऊन दारात उभा राहिला असेल आणि मुलगा इथे भिंती रंगवत होता.

आता तो वेगळा जेवतो. डिसेंबरात वडिलांच्या राहिलेल्या विधींना गावी जाईल. त्याआधी हे मिटलं नाही तर हा माणूस मला कायमचा गेला, आणि इथे वर्कशॉपमध्ये मला दुसरं जवळचं कुणी नाही. प्रवासाला एक चांगली बॅग घेऊन द्यावी म्हणतो. काय करू ते लिही.

माया करण्याजोगा राहिलो असेन तर कर.
नागेश

देवरुख,
२८ सप्टेंबर २०२५

चि. नागेशास,
अनेक आशीर्वाद.

बॅग देऊ नकोस. पत्र वाचून मी संपदाला फोन केला. मुखवट्यावर पाय दिलास त्याचं वाईट वाटलं का, म्हणून विचारलं, तर म्हणाली, "आजी, इट वॉज जस्ट अ प्रॉप." तिला मी काय बोलू? पाय कुठे ठेवायचा ते तिला मोठ्यांनीच सांगितलं, आणि त्या मोठ्यांत माझी लेक आहे. त्याची लाज मलाही वाटते.

पण तू लिहितोस, "कुणीतरी म्हणालं." संपदाने नाव सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. तू लिही.

पालखीपुढे चूक झाली तर गावासमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात, घरात बसून नाही. हॉलभर ऐकू जाईल असं जो बोलला, त्याने माफी कोपऱ्यात पुटपुटू नये.

रागावले आहे, पण तुझीच आहे.
आशाताई

उम्म अल कुवैन,
१२ ऑक्टोबर २०२५

ती. सौ. आशाताईस,
सा. न. वि. वि.

ते मी म्हणालो. तो स्टेजवर चढला तेव्हा काहीतरी चुकलंय हे कळलं आणि ते कुणाला दिसू नये म्हणून तोंडातून विनोद निघाला. सगळे हसले तेव्हा, खरं सांगतो, बरं वाटलं.

कोजागिरीला मंडळात माइक मागून घेतला आणि सांगितलं की ते वाक्य माझं आणि तो चेहरा राक्षसाचा नाही, मयताला मान देणारा आहे. सेक्रेटरी म्हणाले, मामा, मजाकमध्ये होतं, यल्ला, चला, दूध निवतंय. दर्शना मान वर करून बघेना. मुखवटा नाटकाच्या शारजातल्या पुढच्या प्रयोगाला हवा होता, तो देणार नाही म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, वर्कशॉपमधले हमीद, युसुफ, सगळी माणसं बसली असताना मी इसाकासमोर उभा राहिलो. म्हणालो की मी तुझ्या वडिलांच्या चेहऱ्यावर लोकांना हसवलं. तो मुखवटा तू सांगशील तसा करतो, जाळ म्हणालास तर जाळतो. तो ब्रश धूत होता. म्हणाला की ते नुसतं लाकूड आहे, त्याचं काहीही करा, त्यात त्याचं कुणी नाही. मग ब्रश झटकला, खिळ्याला टांगला आणि म्हणाला, "खलास, सर."

ताई, इतकी वर्षं तो मला नागेशभाई म्हणायचा. त्या दिवसापासून सर म्हणतो. हाक मारली की लगेच येतो, काम चोख करतो, आणि जा म्हटलं की जातो.

तुझी माया थोडी कमी झाली तरी माझी तक्रार नाही.
नागेश