शून्य रीसेट

३ मार्च, सोमवार
नवजात बाळांना उबेत ठेवणारं आपलं पहिलं मशीन चौदा तारखेला हॉस्पिटलात जाणार. तिथे एकच जुनं मशीन आहे, त्यात दोन-दोन बाळं ठेवावी लागतात, असं डॉक्टर फोनवर म्हणाल्या. साहेबांनी विचारलं, होईल ना? मी म्हटलं, झालंच समजा. मशीनचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड मधूनच आपोआप रीसेट होतो, म्हणजे बंद पडून पुन्हा चालू होतो, तेवढंच बाकी. दोन दिवसांचं काम.
संकल्प: कारण सापडेपर्यंत चहा बंद.

४ मार्च
चहा चालू. डोकं दुखत होतं.
टेस्टिंगच्या बाईंनी वहीत लिहिलंय, आज सात रीसेट. सॉकेट ढिला असणार.

६ मार्च
सॉकेट बदलला. नऊ रीसेट.
दोष वॉचडॉगचा. हे चिपमधलंच एक घड्याळ. प्रोग्रामने त्याला दर दोन सेकंदांच्या आत ‘मी जागा आहे’ असं कळवायचं. नाही कळवलं, की प्रोग्राम अडकला असं धरून ते बोर्ड पुन्हा पहिल्यापासून चालू करतं. थोडक्यात, माझा प्रोग्राम अडकतो असा त्याचा आरोप आहे. चार हजार ओळी मी एकट्याने लिहिल्यात. आरोप फेटाळला.

८ मार्च
सापडलं. चिपमध्ये आणखी एक टायमर आहे, तो काहीही झालं तरी सेकंदाला शंभर वेळा वाजतो. ‘मी जागा आहे’ ही ओळ उचलून त्याच्याकडे दिली. आता कळवायला उशीर होणं शक्यच नाही.
बायकोला समजावून सांगितलं. ती म्हणाली, तूही पेपर वाचताना असाच ‘हं, हं’ करत राहतोस, ऐकत काहीच नसतोस. तिला यातलं तांत्रिक कळत नाही.

१० मार्च
शून्य रीसेट. साहेबांनी पाठ थोपटली.
बाईंनी विचारलं, टायमर वाजत राहिला आणि मुख्य प्रोग्रामच अडकला, तर आता सांगणार कोण? मी म्हटलं, अडकेल कशाला? त्यांनी पेनाला टोपण लावलं. त्यांना बहात्तर तासांची टेस्ट हवी, आत थर्मामीटर ठेवून. वेळ कुठाय? साहेबांना पटवलं, टेस्ट चौदानंतर. बाईंना राग आला असावा. येऊ दे.

१३ मार्च
शून्य. तरी रात्री झोप नाही. उकाड्याचा दोष.

१४ मार्च, सकाळी ९.१०
मशीन हॉस्पिटलात लावलं. साहेब आणि टेस्टिंगच्या बाईही आल्यात. आत बाळाऐवजी रबरी बाहुली. स्क्रीनवर तापमान ३६.५ अंश. डॉक्टर म्हणाल्या, दुपारपर्यंत नीट चाललं तर आजच एक बाळ यात हलवू. बाळाची आई दाराशी बसून आहे. मी तिला म्हटलं, निर्धास्त राहा.

११.००
३६.५. एक दशांशही हललेलं नाही. जुनं मशीन सारखं वरखाली करतं. साहेबांना हा फरक दाखवला.

११.४०
३६.५. बाई फार जवळून स्क्रीन बघतायत. त्या डॉक्टरांना हळूच काहीतरी म्हणाल्या. डॉक्टरांनी थर्मामीटर आत ठेवला. कशाला? स्क्रीन आहे ना.

११.५०
४२.

१.१५
प्रोग्राम साडेनऊलाच अडकला होता. हीटर चालूच राहिला, स्क्रीन आहे तिथेच थांबली आणि टायमर इमानेइतबारे ‘मी जागा आहे’ म्हणत राहिला. डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी माझा हात धरून आत बाहुलीवर ठेवला. हात मागे घेतला तेव्हा बाळाची आई माझ्याकडेच बघत होती. भीती वाटली. त्याचंही कारण लिहायला घेतलं होतं, खोडलं.

१७ मार्च, सोमवार
बाईंनी ती ओळ परत मुख्य प्रोग्राममध्ये नेली. मूळ कारणही त्यांनीच शोधलं, वीस मिनिटांत. सेन्सरचं उत्तर येईपर्यंत थांबून राहायचं, असं एका ठिकाणी लिहिलंय. उत्तर आलंच नाही तर काय, हे लिहिलेलं नाही. शेजारी माझीच टीप आहे: ‘सेन्सर उत्तर देतोच.’
बहात्तर तासांची टेस्ट आजपासून. साहेबांनी कोड बाईंकडे सोपवला. मला काम दिलंय: मशीनसमोर बसून दर पाच मिनिटांनी थर्मामीटर वाचायचा आणि आकडा मोठ्याने सांगायचा. आवाज आला नाही तर बाई येऊन मला हलवतात.
आज चारदा हलवलं.