पिवळ्या फुलांना वास असतो का

आई, ओट्याशी पोळ्या लाटताना तू ज्या चित्राकडे बघत राहायचीस, त्या कड्यावर मी जाऊन आले. परत येऊन बरेच दिवस झाले, बॅगा उपसून झाल्या, ऑफिस सुरू झालं, आणि तुला सांगायचं ते राहिलंच. आत्ता दुपार आहे. बाबा आतल्या खोलीत झोपलेत, तू न पाहिलेली तुझी नात क्लासला गेली आहे. दुबईतल्या माझ्या या स्वयंपाकघरात एसीची घरघर सोडली तर आवाज नाही, म्हणून लिहायला बसले.

ते चित्र आलं कसं, हे माझ्या लेकीला मी इतकेदा सांगितलंय की ती आता कान झाकून घेते. बाबा दुबईपासून डोंगरापलीकडे, फुजैराच्या ऑइल टर्मिनलवर नोकरीला होते तेव्हा नव्या वर्षाला जहाजांचे एजंट ऑफिसात कॅलेंडरं वाटायचे. त्यातलं एक त्यांनी घरी आणलं. एप्रिलपर्यंतच्या पानांवर नुसती जहाजं. ती तर आपल्याला खिडकीतूनही दिसायची, तेल भरून घ्यायला नांगर टाकून उभी असलेली. मग तू मेचं पान उलगडलंस आणि तिथेच थांबलीस. आयर्लंडच्या पश्चिमेचा एक उभा काळा कडा, खाली अटलांटिकचा पांढरा फेस, आणि वर अगदी कडेपर्यंत गुलाबी आणि पिवळी रानफुलं. जून तू येऊच दिला नाहीस. आपल्या स्वयंपाकघरात त्यानंतर बारा महिने मे असायचा. पुढे ते पान कापून तू खालच्या टायपिंग सेंटरमधून लॅमिनेट करून आणलंस, कारण फोडणी उडायची.

"खिडकीतून बघ," तू म्हणायचीस, "डोंगर आहे, समुद्र आहे. तिथेही तेच. मधली फुलं तेवढी देवाने इथे द्यायची ठेवली." फुजैराचे ते तपकिरी, उघडेबोडके डोंगर तुला कधी आवडले नाहीत आणि ते तू लपवलंही नाहीस. मी तिथेच वाढले, मला ते आवडायचे; पण तुझ्यासमोर तसं म्हणायची सोय नव्हती.

आणि तुमचं ते भांडण. तुझं म्हणणं, गुलाबीचं माहीत नाही, पण पिवळ्या फुलांना वास असणारच. बाबांचं म्हणणं, "अगं, थंड देशातली फुलं ती. दिसायला छान. वासबिस काही नाही." "अहो, तुम्ही हुंगून आलात का?" "मग तू आलीस का?" डबा भरता भरता हे चालायचं, जेवताना चालायचं, पाहुणे आले की त्यांनाही पंच म्हणून बसवलं जायचं. शेवटी बाबा म्हणायचे, पुढच्या मेमध्ये जाऊ आणि काय तो सोक्षमोक्ष लावू. तू त्यांच्या अरबी साहेबासारखा सूर लांबवून म्हणायचीस, "इन्शाल्ला." पुढच्या मेमध्ये माझी परीक्षा असायची, नाहीतर पुण्यात कुणाचं लग्न, नाहीतर बाबांची रजा नामंजूर. मला तेव्हा ते सगळं गमतीचं वाटायचं. आपल्याकडे भरपूर मे शिल्लक आहेत असंच आपण तिघं धरून चाललो होतो.

गणपतीत त्या चित्राला बढती मिळायची. स्वयंपाकघरातून ते हॉलमध्ये यायचं, मखरात मूर्तीच्या मागे. बाकीच्या मराठी घरांत थर्माकोलचे खांब, आणि आपला गणपती अटलांटिकच्या कड्यावर, फुलांत बसलेला. "बाप्पाला व्हिसा लागत नाही, बरंय," बाबा म्हणायचे. खरी फुलं देवळाजवळच्या गल्लीतून आणायला मात्र तेव्हाच्या घाटरस्त्याने दुबई गाठावी लागे. एका वर्षी येताना मोगऱ्याचा पुडा माझ्या मांडीवर होता. मी सातेक वर्षांची असेन. डोंगरातल्या वळणांवर मला मळमळत होतं, आणि त्या पुड्यात नाक खुपसलं की बरं वाटत होतं, म्हणून घर येईपर्यंत ते मी बाहेरच काढलं नाही. घरी तू पुडा उघडलास, माझ्याकडे बघितलंस. "वास घेतलास?" मी मान हलवली. "देवाच्या आधी? आता ही फुलं कशी वाहू मी त्याला?" तुझा आवाज चढला नव्हता, म्हणून मला जास्त रडू आलं. बाप्पाला त्या वर्षी बाल्कनीतली सदाफुली मिळाली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तू तो सगळाच्या सगळा मोगरा माझ्या दोन वेण्यांत माळलास. शाळेच्या बसमध्ये मी अशी बसले होते की जणू माझंच लग्न आहे. तुझं रागावणं आणि तुझं लाड करणं यांत एका रात्रीचंच अंतर असायचं.

मग तू गेलीस. तेव्हाही मे लांबच होता. बाबांनी चित्र भिंतीवरून काढलं नाही, आणि पिवळ्या फुलांचा विषयही काढला नाही. निवृत्त होऊन माझ्याकडे राहायला आले तेव्हा कपड्यांच्या आधी त्यांनी ते बॅगेत घातलं होतं. आता ते माझ्या ओट्याच्या वर आहे. या वर्षी मी तिकिटं काढली तेव्हा त्यांनाही चला म्हटलं. "गुडघे नको म्हणतात," ते म्हणाले. जरा वेळाने मागे येऊन उभे राहिले. "तेवढं पिवळ्या फुलांचं बघून ये."

तर ऐक. कडा चित्रात आहे तसाच आहे, फक्त चित्रात वारा नाही. तिथला वारा माणसाला धड उभं राहू देत नाही. गुलाबी फुलं दगडांच्या भेगांतून उगवतात, गवताच्या गादीवर बटणं टाचावीत तशी, आणि खाली लाटा आपटल्या की पायांखालची जमीन हलल्यासारखी वाटते. कपारींत पांढरे पक्षी दाटीवाटीने बसलेले. गुलाबी फुलाला मी ओणवी होऊन नाक लावलं. जवळजवळ काही नाही. पिवळी झुडपं मागच्या बाजूला होती, आणि आई, ती सगळी काट्यांची आहेत, हे चित्रात कळत नाही. लेक कुडकुडत म्हणाली, "आई, यल्ला, चल ना, इट्स फ्रीझिंग." आम्ही दगडी कुंपणाच्या आडोशाला बसलो. वारा थांबला आणि वास आला. मला वाटलं माझ्याच केसांचं तेल. मग वाटलं कुणीतरी डबा उघडलाय. मी उठून त्या पिवळ्या झुडपात तोंड घातलं, गालाला काटा लागला.

नारळ, आई. ओला, नुकता खवलेला नारळ. केरळी ग्रोसरीवाला "भाभी, आज का नारियल एकदम मीठा है" म्हणून देई, आणि तू विळीवर बसून परातभर खोबरं खवायचीस, तो वास. त्या चित्राखालीच खवायचीस. मी तिथे मोठ्याने रडले. लेक घाबरून जवळ आली, तिनेही नाक लावलं, आणि तिचे डोळे मोठे झाले. "इट स्मेल्स लाइक गणपती," ती म्हणाली.

तुझ्यासाठी एक फूल तोडलं होतं. पण वास आधी मी घेतला होता, तेव्हा ते तुझ्या फोटोला कसं वाहणार? केसांत खोवलं, आणि ते गाडीपर्यंत पोचायच्या आत वाऱ्याने नेलं. परतताना लेकीला बजावलं, तुझ्या आबांना सांगू नकोस. "बट व्हाय?" तिने विचारलं. आधी एकीला सांगायचंय म्हटलं.

बाबा दारातच उभे होते. बॅग आत घ्यायच्या आधी म्हणाले, "मग? होता का वास?" मी म्हटलं, वारा फार होता हो, काही कळलंच नाही. "हं," ते म्हणाले आणि चहा ठेवायला गेले. ओट्याशी चित्राकडे बघत पुटपुटले, "तिला वाटायचं, असतो."

आता उठतील ते. चहाला बसले की सांगायला हवं, तू जिंकलीस म्हणून; त्यांना हरल्याचा आनंदच होईल. कालही हेच ठरवलं होतं, परवाही. पण आई, तू गेल्यापासून तुझ्यामाझ्यात एवढी एकच नवी गोष्ट घडली आहे, आणि ती कुणाला द्यायला माझं मन होत नाही.