स्वयंपाकघरातला जोड

बाबा, आज अकोल्याच्या, जठारपेठेतल्या घरातली तुमची वायर काढली. खांबावरून सोप्यात येणारी, आणि तिथून तुम्ही वितीवितीवर खिळे मारून स्वयंपाकघरापर्यंत नेलेली, दोन्ही. तिच्या जागी काचेची बारीक तार आली आहे, फायबर म्हणतात तिला. मी आईला ओरडून म्हटलं, आता फोनवर बोलताना माझा चेहरा मधेच अडकणार नाही. तर ती म्हणाली, "पण अडकत काहून होता वं?" घ्या! हेच मला दिवसभर लोक विचारतात. मी अमरावतीला एका इंटरनेट कंपनीच्या तक्रारींच्या टेबलावर बसते. जाहिरातीत आकडा मोठा छापतात आणि त्याच्या मागे 'पर्यंत' हा शब्द मुंगीएवढ्या अक्षरात असतो. लोक आकडा वाचतात, मी त्यांना 'पर्यंत' वाचून दाखवते. पगार त्याचाच मिळतो.

ही विद्या मी तुमच्याकडून शिकले, हे तुम्हाला ठाऊक नाही. आपल्या घरी पहिला मोडेम आला तेव्हाची गोष्ट. खोक्यावर छप्पन्न लिहिलेलं होतं, आणि संगणकाच्या पडद्यावर कोपऱ्यात यायचं अठ्ठावीस हजार आठशे. म्हणजे निम्मं. मी दुकानदाराला शिव्या घालत होते. तुम्ही शनिवारी संध्याकाळी अमरावतीहून आलात, चप्पल काढायच्या आधी माझी तक्रार ऐकली आणि हसलात. "खोक्यावरचा आकडा तार वाचते का? अकोटच्या गाडीची सुटाची वेळ पाटीवर असते, पोचाची वेळ रस्त्यावर असते." मग तुम्ही खुर्ची ओढून बसलात आणि मला मोडेमची शीळ पुन्हा पुन्हा वाजवायला लावलीत. कीं कीं, खर्र, टुंग टुंग. टेलिफोन खात्यात तीस वर्षं लाइनमन राहिलेला माणूस डोळे मिटून ती शीळ ऐकतोय, हे मला आत्ताही दिसतं. "पाह्य, इकडचा मोडेम अन् तिकडचा मोडेम भाव करून राहिले. हा म्हन्ते छप्पन्न, थो म्हन्ते खरखर लय हाय, जमत नाही. उतरत उतरत जिथी दोघाले एकमेकाचं नीट आयकू येते, तिथी सौदा पटते."

तुम्ही सांगितलेलं सगळं मी आजही जसंच्या तसं सांगते, फक्त शहरी भाषेत. तार माणसाच्या आवाजासाठी ओढलेली आहे, तिच्यातून आकडे पाठवायचे म्हणजे आवाजाचं सोंग देऊनच पाठवावे लागतात. एक्सचेंज जितकं लांब, तितका आवाज क्षीण. जोड ओला असेल, तांबं हिरवं पडलं असेल, तर खरखर. छप्पन्न हे फक्त येणाऱ्याचं, जाणाऱ्याचं त्याहून कमी, आणि येणाऱ्याचंही सगळं जुळून आलं तर. वर पुन्हा आकडा बिटचा असतो आणि माणूस मोजतो बाइट, तेव्हा आठाने भागायचं. हे भागाकाराचं मीच तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "बाप्पा! मंग हातात येते काय?" आणि आई स्वयंपाकघरातून विचारत होती की कोण भागून राहिलं, काय भागून राहिलं, कारण तिला अर्धंच ऐकू आलं होतं.

आईचे कान लहानपणीच्या तापात कमजोर झालेले. त्यासाठीच तर तुम्ही स्वयंपाकघरात ती घंटी बसवली होती. खात्याने काढून टाकलेली, लोखंडाची, वाटीएवढी, तुम्ही रीतसर मागून आणलेली. सोप्यातल्या फोनच्या डबीतून तिच्यासाठी वेगळी वायर काढलीत आणि शेजारी एक फोनही ठेवलात. ती वाजली की ओट्यावरची ताटली थरथरायची. बदली अमरावतीच्या ऑफिसात झाल्यापासून रोज दुपारी एकला तुमचा फोन. "जेवली का?" "जेवते आता. तुमी?" एवढंच. तेवढ्यासाठी आई साडेबारापासून त्या घंटीखाली असायची.

मला त्या दिवसांत पुण्याच्या एका नोकरीचा फॉर्म इंटरनेटवरून भरायचा होता. तीन पानं होती आणि तिसऱ्या पानावर लाइन तुटायची, पुन्हा पहिल्यापासून. मुदत गुरुवारपर्यंत. तुम्ही रविवारी सकाळी उठून कमरेला पट्टा बांधलात आणि सुट्टीच्या दिवशी गल्लीच्या कोपऱ्यावरच्या खांबावर चढलात. ऊन मी म्हणत होतं. आई खालून ओरडत होती, "अवो, उतरा ना, लोकं काय म्हन्तीन!" तुम्ही वरून म्हणालात, "लोकं म्हन्तीन, पोट्टीसाठी चढला." खांबावरचा जोड तोडून नवा बांधलात. पुढच्या पेटीपर्यंत चालत गेलात आणि तिथलाही केलात. तुमचा जोड मी लांबून ओळखत असे, वेढे एकसारखे, टोक आत वळवलेलं, वर मेणकागद. चारला घामाने भिजून आत आलात आणि माझ्या मागे उभे राहिलात. मी मोडेम लावला. एकतीस हजार दोनशे.

तुमचा चेहरा उतरला. मी म्हटलं, घरातल्या वायरीत काही असेल का? तुम्ही जरा तडकलातच. "घरातली वायर माह्या हातची हाय. तिच्यात खोट निघाची नाही." आणि पिशवी उचलून गाडीला निघालात. साऱ्या अकोल्याच्या तारा तपासणाऱ्या माणसाने स्वतःची तेवढी तपासली नाही.

सोमवारी सकाळी मी ती तपासली. मला इंटरनेटवरच कुणीतरी लिहिलेलं सापडलं होतं की एकाच लाइनवर जास्तीची वायर आणि घंटी लटकत असेल तर मोडेम दबतो. आई भाजी घ्यायला गेली होती. मी डबी उघडली, स्वयंपाकघराकडे जाणारा तुमचा जोड सोडवला आणि टोकांना चिकटपट्टी लावली. जोड सोडवायला मिनिटसुद्धा लागत नाही. मोडेम लावला तर पंचेचाळीस हजार तीनशे तेहतीस! मी एकटीच टाळ्या वाजवल्या. मग तुम्हाला अमरावतीला फोन केला आणि म्हटलं, "बाबा, तुमच्या खांबावरच्या जोडानं झालं. एक दिवस लागला, पण झालं." काहून म्हटलं असं? तुम्ही उन्हात चढला होतात म्हणून. तुम्ही एवढे खूश झालात की साऱ्या ऑफिसला तो आकडा सांगितलात. तो खोटेपणा मला तेव्हा फार गोड वाटला होता.

सोमवार, मंगळवार, बुधवार, तिन्ही दिवस एकला मी घरी होते. सोप्यातला फोन पहिल्याच घंटीला उचलायचा आणि आईला हाक मारायची, एवढंच करावं लागलं. कुणाच्या काही ध्यानात आलं नाही. बुधवारी फॉर्म गेला. त्याच दुपारी मी जोड परत बांधायला बसले, तर तांब्याच्या तारा बोटांत सरळ राहीनात. म्हटलं, उद्या बघू. आणि गुरुवारी मी कॉलेजातून दाखला आणायला मूर्तिजापूरला गेले.

तुमच्या शेजारच्या टेबलावरचे काका नंतर घरी आले तेव्हा त्यांनी सांगितलं. त्या गुरुवारी एकच्या आधीपासून तुमच्या छातीत दुखत होतं. तुम्ही म्हणत होतात, गॅस आहे. ते म्हणाले, दवाखान्यात चला. तुम्ही म्हणालात, "थांबा, घरून गोळीचं नाव विचारतो, कागद तिथी हाय." चारदा फोन लावलात. "घंटी जाऊन राहिली होती, वहिनी, पण कोनी उचलेच ना," असं ते आईला म्हणाले. उचलतील, आत्ता उचलतील, करता करता अर्धा तास गेला. आई त्या वेळी स्वयंपाकघरातच होती. मिक्सरवर शेंगदाण्याची चटणी काढत होती.

मला तेव्हा रडू आलं नाही. लोकांना वाटलं, धक्का बसला. तिसऱ्या दिवशी सगळे पुरुष राख सावडायला गेले आणि बायका आईभोवती बसल्या, तेव्हा मी सोप्यात डबी उघडून दोन्ही टोकं कशीबशी पिळली आणि वर चिकटपट्टी गुंडाळली. मला वाटलं, निदान हे तरी नीट करावं. तासाभराने कुणाचा तरी भेटीचा फोन आला आणि स्वयंपाकघरातली घंटी खणखणली. आई उठून आत धावली. फोन तिने उचललाच नाही. घंटीवर हात ठेवून उभी राहिली. "वाजते तं!" ती म्हणाली. "वाजतेच हाय. म्हंजे त्या दिवशीबी वाजली असन. मलेच नाही आयकू आली, माय. मी मिक्सर लावून बसली होती."

त्या वेळी सांगायला हवं होतं. घर भरलेलं होतं, सांगितलं नाही. मग तेरावं झालं, मग पुण्याचं पत्र आलं, त्याच फॉर्मवर मला नोकरी लागली; अमरावतीला मी पुढे आले. आईने मिक्सर शेजारणीला देऊन टाकला. तेव्हापासून ती चटणी खलबत्त्यात कुटते. दुपारी एकला नळ बंद करते, रेडिओ बंद करते आणि स्वयंपाकघरात नुसती बसते. वर्षातून एकदा, तुमच्या तिथीला, पानाला नमस्कार करताना म्हणते, "माह्या कानानं घात केला तुमचा." मी शेजारी उभी असते. पहिली काही वर्षं मला ते ऐकवत नसे. आता काहीच होत नाही. मी वाढायला लागते.

आज फायबर लावायला आलेला माणूस पन्नाशीचा होता. तरुणपणी तुमच्या हाताखाली रोजाने खड्डे खणायचा म्हणे. भिंतीवरून वायर उपटताना तुमचा एकेक जोड माझ्यासमोर धरत होता. "बाबाइचा हात पाहा ताई, अजून तांबं कसं लाल हाय." मग त्याने डबी उघडली. चिकटपट्टी सोलली आणि थांबला. आई तिथेच खुर्चीवर होती, त्याच्याकडे बघत. तो म्हणाला, "हा जोड त्याइचा नाही. हा कोन्या नवशिक्यानं पिळला. कोनं केला हो?"

मी म्हटलं, "मी केला. त्यांचा जोड मी सोडवला होता. ते गेले त्या दिवशी ही घंटी वाजलीच नव्हती." इतक्या वर्षांनी हे तोंडातून बाहेर पडलं, बाबा, आणि मला काही म्हणजे काही वाटलं नाही. त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि मान खाली घालून पक्कड शोधायला लागला.

"काय म्हन्ते वं थो?" आईने विचारलं.

तिच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं, शेजारच्यांना ऐकू जाईल एवढं. मी ओरडले, "काही नाही! जुनी वायर हाय म्हन्ते!"

तिने मान हलवली. म्हणाली, "घंटी नेऊ देऊ नको त्याले." म्हणून घंटी भिंतीवरच आहे, तिला आता वायर नाही. हे पत्र मी अमरावतीच्या गाडीत बसून लिहिते आहे आणि ते पिशवीतच राहील. तुम्हाला एवढंच कबूल करायचं होतं. मी आज आईसमोर खरं बोलले, बाबा, पण तिला ऐकू येणार नाही अशा बेताने बोलले. उद्या दुपारी एकला ती पुन्हा नळ बंद करील.