घे, आईला देतो

राणीसावरगाव

प्रिय भक्ती,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. ज्वारीवरची पाखरं हाकलताना ओरडून ओरडून माझा घसा बसला आणि एक शब्दही बोलायचा नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलं, हे तुला माहीतच आहे. नेमकं त्याच्या आदल्याच दिवशी तू मला फोनवर नागसेनबद्दल सांगितलंस, त्याच्याशीच लग्न करायचं म्हणालीस, आणि वर, पप्पांना तूच सांग! आपल्या घरची रीतच ती. तुझा फोन आला की ते "बरी हाईस ना? घे, आईला देतो" म्हणून मोकळे. पुढचं सगळं माझ्या तोंडून.

आता माझंच तोंड बंद झाल्यावर त्यांची काय गंमत झाली सांगू! शेजारची बायनाबाई गप्पांना आली, तर कुणीतरी बोलायला हवं म्हणून हे बसले. पहिल्या दिवशी नुसतं हं, हं. आता दोघं तुरीच्या शेंगा सोलत तास तास बसतात आणि तिच्या सुनेचं बाळंतपण हे मला जेवताना साग्रसंगीत ऐकवतात. पारावर मुंजाजीभाऊंनी चिडवलं, "भागवतराव, बाईवाणी लय बोलायलात आजकाल!" तर हे म्हणाले, "बाया बोलत्यात म्हणून घरातलं कळतं. आपण नुसते खाकरतो." घरी येऊन त्यांनीच सांगितलं. इतकं बरं वाटलं मला, पण हसायचीसुद्धा चोरी.

गेल्या रविवारी तुझ्याशी म्हशीच्या रेडकावर एवढं बोलले, आणि फोन ठेवल्यावर माझ्यापाशी येऊन बसले. म्हणाले, "पोरीलाच मला कायतरी सांगायचं होतं वाटतं. मीच लय बोललो का?" मी पाटीवर लिहिलं, तिलाच विचारा.

आता खरं सांगते. फोनवर सांगता येणार नाही म्हणून तर हे पत्र. माझा आवाज मंगळवारीच परत आलाय. गोठ्यात म्हशीवर ओरडले, तर ती आणि मी दोघीही दचकलो. घरात मात्र अजून मुकीच आहे. येत्या रविवारी फोन तेच घेतील आणि आईला द्यायची सोय नसेल. नागसेनचं तूच सांग. रागावतील का, मला खरंच ठाऊक नाही. पण आता त्यांना ऐकायचंय. गप्प झाले तरी फोन ठेवू नकोस. मी शेजारीच बसलेली असेन. फारच वेळ गप्प राहिले, तर माझा आवाज अचानक परत येईल.

तुझीच,
रविवारपुरती मुकी आई