मेहुण्याचं घोरणं

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून लिहायचं ठरवलं. बोलण्यात अर्थ नाही. मी बोललो की मेहुणा हसतो. कागद हसत नाही.

काम एकच. मेहुण्याला घराबाहेर काढणे.

ही गेली त्या दिवशी तिचा धाकटा भाऊ एक पिशवी घेऊन आला. चार दिवस राहील असं वाटलं होतं. आता थंडी संपत आली, तरी पिशवी खुंटीला आहेच. आणि झोपतो कुठे? हिच्या खाटेवर. मला न विचारता. मी त्याला बाहेरच्या खोलीतला सोफा दाखवला. म्हणाला, नको दाजी, मी इथेच बरा, तुमच्या शेजारी. जसा काही मी शेजार मागितला होता.

आणि घोरतो.

४ फेब्रुवारी
घोरण्याबद्दल नीट लिहून ठेवतो. पुढे उपयोगी पडेल.

मी गाढ झोपेत असतो तेव्हा आवाज सुरू होतो. भरलेला ट्रक चढ चढताना करतो तसा. मधेच एकदम बंद पडतो. मग गुदमरल्यासारखा फुटतो आणि मी दचकून जागा होतो. मी जागा झालो रे झालो की आवाज गायब! मेहुणा खाटेवर बसलेला, डोळे टक्क उघडे, चेहरा साळसूद. दर वेळी हेच. घोरायचं, आणि पकडलं जायच्या आत उठून बसायचं, याला सराव लागतो. जन्मभर बेकरीत रात्रपाळी केली त्याने. तिथेच शिकला असणार.

वर मलाच ढोसतो. डावी बरगडी दुखते आहे. विचारलं तर म्हणाला, कूस बदला दाजी. माझी कूस, माझी खाट. याला काय करायचंय?

७ फेब्रुवारी
वाईट दिवस. कारण अर्थात मेहुणा.

मी बाटल्या भरायच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे. माझ्या कानाला तिथे मान आहे. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, की आत काय बिघडलंय ते मला कळतं. आज तसाच कॉम्प्रेसरपाशी ओणवा झालो आणि तसाच झोपलो. मूठ कानाला, डोकं फिरत्या पट्ट्यावरच्या जाळीवर. जाळी होती म्हणून बरं.

मॅनेजरने केबिनमध्ये बोलावलं. पोरगेलासा आहे, पण बोलला नीट. म्हणाला, काका, तुमचं दुःख आम्ही समजू शकतो, पण परत असं दिसलं तर मला तुम्हाला मशीनपासून लांब स्टोअरमध्ये बसवावं लागेल. स्टोअर! नटबोल्ट मोजत! इतकी वर्षं मशीन ऐकली आणि आता खोकी ऐकू?

मी त्याला सांगितलं नाही की घरात एक माणूस मला झोपू देत नाही. घरचं बाहेर काढणं बरं दिसत नाही. पण मेहुण्या, हे तुझ्या खात्यात लिहिलं.

९ फेब्रुवारी, रविवार
मेहुणा दिवसभर खुर्चीत बसल्या बसल्या पेंगत होता. रात्रभर घोरून वर दिवसा डुलक्या. लाज नाही.

पेपरच्या पुरवणीत घोरण्यावर अख्खं पान आलं आहे. कापून ठेवलं. घोरणाऱ्याचा झोपेत श्वास अडतो, रक्तातला ऑक्सिजन कमी होतो. ब्लडप्रेशर वाढतं, हृदयावर ताण येतो, पक्षाघातसुद्धा होऊ शकतो. लक्षणं: सकाळी डोकं दुखणे, तोंडाला कोरड, दिवसा झोप, चिडचिड, विसराळूपणा, जाड मान.

एकेक ताडून पाहिलं. सकाळी डोकं दुखतं, माझं. तोंडाला कोरड, मला. दिवसा झोप येते, मला. चिडचिड, मी आधी कधीच करत नव्हतो. शर्टाचं वरचं बटण लागत नाही, माझं. म्हणजे त्याचं घोरणं केवढं घातक आहे बघा. घोरतो तो आणि रोग मला.

खाली उपायही दिले आहेत. आता त्याच्यावर उपाय करणार. एकेक करून, न सांगता. एकतर सुधारेल, नाहीतर कंटाळून पळेल. दोन्हीत जीत माझीच.

१० फेब्रुवारी
उपाय पहिला. पाठीवर झोपलं की जीभ मागे पडते आणि माणूस घोरतो. म्हणून बनियनच्या पाठीला टेनिस बॉल शिवायचा. उताणं झाला की टोचेल. टोचू दे.

हिचा शिवणाचा डबा उघडला. बराच वेळ उघडाच ठेवला. मग सुई घेतली. बोटाला दोनदा टोचली, पण मेहुण्याच्या बनियनला बॉल पक्का बसवला.

११ फेब्रुवारी
मेहुणा सकाळी बनियन घेऊन आला. म्हणाला, अहो दाजी, आपली बनियनं दोरीवर एकमेकांत मिसळतात, तुम्ही चुकून माझ्या बनियनला शिवलात की. उसवून तुमच्याला लावून दिला आहे. बरं केलंत हो मनावर घेतलंत.

टाके माझ्यापेक्षा चांगले घातले आहेत. घातलं ते बनियन. कट उघडा पडू नये म्हणून.

१२ फेब्रुवारी
काल मेहुणा फारच कमी घोरला! मी जवळजवळ सलग झोपलो. म्हणजे उपाय लागू पडला. बॉल माझ्या पाठीला असूनही. त्याला नुसता धाक बसला असणार.

१३ फेब्रुवारी
बॉल काढून टाकला. पाठ दुखते. धाक एकदा बसला की पुरतो.

१४ फेब्रुवारी
धाक पुरला नाही. ट्रक पुन्हा चढावर.

उपाय दुसरा. डोक्याकडची बाजू उंच करायची. कारखान्यातून मशीनखाली घालतात तसले लाकडी ठोकळे आणले आणि मेहुणा भाजी आणायला गेला होता तेव्हा हिच्या, म्हणजे त्याच्या खाटेच्या पायांखाली सरकवले. रात्री घसरत घसरत पायथ्याला जमा होईल. बेकरीत ट्रेमधून पाव घसरतात तसा.

१५ फेब्रुवारी
ठोकळे माझ्या खाटेखाली आहेत.

म्हणतो, तुमची खाट इकडची दाजी, खिडकीकडची माझी. अंधारात गोंधळ झाला असेल तुमचा. मी भर दुपारी लावले होते.

झोप बरी लागली. पण तो मुद्दा नाही.

१७ फेब्रुवारी
मुलीचा फोन. तिला म्हटलं, तुझ्या मामाचं घोरणं असह्य झालं आहे, त्याला तुझ्याकडे ने. ती म्हणाली, बाबा, मामा घोरतो? मग हसली. आई गेल्यापासून पहिल्यांदा तिचं हसू ऐकलं, म्हणून रागावलो नाही. म्हणाली, बाबा, काही झालं तरी मामाला जाऊ देऊ नका. रागावलो.

सगळे त्याच्या बाजूचे. मामा म्हटलं की झालं.

१९ फेब्रुवारी
तिसरा उपाय नाक मोकळं करण्याचा. नाकावर चिकटवायच्या पट्ट्या मेहुण्याच्या उशीवर ठेवल्या. सकाळी जाग आली तर एक पट्टी माझ्या नाकावर. झोपेत चिकटवली! याला माणूस म्हणायचं?

रात्रीचं जेवण हलकं हवं असंही छापलं होतं. म्हणून मी त्याच्या ताटात कमी वाढलं. त्याने उरलेलं माझ्यासमोरून उचलून कपाटात ठेवलं. म्हणाला, बरोबर आहे दाजी, आपण दोघंही कमीच खाऊ. मी उपाशी झोपलो.

२२ फेब्रुवारी
आज पॅकिंग लाइनपाशी उभ्या उभ्या डोळा लागला. कोणी पाहिलं नाही. बहुतेक. हेल्परने हात धरून मागे ओढलं, म्हणजे त्याने पाहिलं. त्याला चहा पाजला.

आता हे टोकाला आलं आहे. आज रात्री मला झोप पाहिजे म्हणजे पाहिजे. हिच्या औषधांच्या डब्यात झोपेच्या गोळ्या उरल्या आहेत. पुरवणीत लिहिलं होतं की घोरणाऱ्याने दारू आणि झोपेच्या गोळ्या घेऊ नयेत, घसा आणखी सैल पडतो. मी घोरत नाही. मला चालेल.

२३ फेब्रुवारी, रविवार
मेहुण्याने माझ्यावर हल्ला केला.

गोळी घेऊन झोपलो. मध्येच तोंडावर गार पाण्याचा तांब्या. डोळे उघडले तर हा माझ्या छातीवर ओणवलेला, दोन्ही खांदे धरून गदागदा हलवतो आहे आणि ओरडतो आहे, दाजी, श्वास घ्या, अहो श्वास घ्या! मी श्वास घेतला. ओरडायचं होतं म्हणून घेतला. घशातून नुसती शिट्टी निघाली.

मग तो खाटेच्या कडेला बसला आणि रडला. एवढा मोठा माणूस. मला ओलं केलं आणि रडतो तो. गोळ्यांचा डबा उचलून कुठेतरी लपवला त्याने. तो डबा हिचा आहे.

आता दयामाया नाही. उद्या याला घोरण्याच्या डॉक्टरकडे नेतो. डॉक्टरच्या तोंडूनच वदवून घेतो की हा माणूस शेजारी झोपवण्याच्या लायकीचा नाही. तसं लेखी आणणार आणि मुलीला दाखवणार.

२४ फेब्रुवारी
मेहुणा एका शब्दात तयार झाला. संशयास्पद.

दवाखान्यात गर्दी. पंखा चालू होता, खुर्च्या मऊ. मी डोळे मिटून विचार करत होतो. उघडले तर सगळे पेशंट माझ्याकडे बघत होते. एक लहान मुलगी आईच्या मागे लपली होती आणि डॉक्टर स्वतः केबिनमधून बाहेर येऊन माझ्यासमोर उभ्या होत्या. रिसेप्शनवाल्या बाईने विचारलं, पेशंट कोण? मी मेहुण्याकडे बोट दाखवलं. डॉक्टर मला म्हणाल्या, तुम्ही आत या.

घसा पाहिला, मान मोजली, ब्लडप्रेशर घेतलं. ब्लडप्रेशर जास्त निघालं. साहजिक आहे, मेहुणा समोर बसला होता.

मग त्यांनी त्यालाच विचारलं, झोपेत यांचा श्वास थांबतो का? आणि मेहुणा सुरू झाला. थांबतो. उताणे असले की जास्त. मी डाव्या खांद्याखाली हात घालून कुशीवर करतो, मग सुटतो. नाही सुटला तर ढोसतो. डॉक्टरांनी विचारलं, रोज जागता? म्हणाला, सवय आहे, बेकरीत होतो. ताई आयुष्यभर हेच करायची. हॉस्पिटलात शेवटी शेवटी तिला स्वतःची काळजी नव्हती, एकच घोकायची, यांना आता हलवणार कोण? मी तिला म्हटलं, ताई, मी हलवीन.

मी म्हटलं, मला ती कधी काही बोलली नाही. मेहुणा म्हणाला, बोलायची हो, पण म्हणायची, यांना घोरता म्हटलं की दोन दिवस जेवत नाहीत.

एकदाच जेवलो नव्हतो.

दोघांनी मिळून केलेला कट आहे हा. माझ्या पाठीमागे. मी झोपेत असताना.

२७ फेब्रुवारी
झोपेची चाचणी झाली. अंगाला वायरी लावून झोपवलं. मेहुण्याची चाचणी करा असं मी तिथेही सांगून पाहिलं. तिथले तंत्रज्ञ कामात होते.

रिपोर्ट आला. श्वास कितीदा अडतो तो आकडा इथे लिहीत नाही. डॉक्टर म्हणाल्या, वजन कमी करा, गोळ्या अजिबात नकोत, आणि रोज रात्री मशीन लावायचं. नाकावर मास्क, त्यातून हवा येते, घसा बंद पडत नाही. चालढकल केलीत तर हृदयाचं काही खरं नाही, आणि मशीनवर काम करणाऱ्याने तर चालढकल करूच नये.

मॅनेजरला डॉक्टरांची चिठ्ठी दिली. म्हणाला, काका, हे लावून नीट झोपत असाल तर स्टोअरचं नाव काढत नाही.

४ मार्च
मास्क लावला की मी पाणबुड्यासारखा दिसतो. मेहुणा हसला. तेही लिहून ठेवलं.

पण झोप! सकाळी डोकं दुखलं नाही. कॉम्प्रेसर ऐकला, बेअरिंग जातंय ते लगेच कळलं. हेल्परला म्हटलं, बघ. तो म्हणाला, आज तुम्ही जागे आहात काका.

८ मार्च
जिंकलो.

मेहुण्याने स्वतःहून पिशवी भरली. म्हणाला, दाजी, आता मशीन आहे, माझं काय काम? उद्या सकाळच्या पहिल्या बसने निघतो. तुम्ही लवकर उठता, मला हाक मारा, नाहीतर चुकेल.

शेवटी निघालाच. मी त्याला ढकललं नाही की काही नाही. नुसत्या उपायांनी. हिची खाट मोकळी होणार. दोन्ही खाटा मी एकटा वापरू शकतो. एकीवर झोपीन, दुसरीवर पेपर ठेवीन.

जेवण झालं नाही. भूक नव्हती.

९ मार्च, रविवार, पहाट
मेहुणा घोरतो!

आवाजाने जाग आली. मास्क काढला, पंखा बंद केला, नीट ऐकलं. शंभर टक्के तोच. मी टक्क जागा आणि आवाज चालू! इतक्या महिन्यांत आज पहिल्यांदा तो रात्रीचा झोपला आहे, हात पाय पसरून, तोंड उघडं, आणि पिठाच्या गिरणीसारखा घोरतो आहे. मी पहिल्यापासून हेच सांगत होतो. माझ्या कानावर विश्वास ठेवला नाही कोणी.

मुलीला फोन करणार होतो. झोपली असेल. डॉक्टरांना आत्ता कसं सांगणार? ही असती तर तिला हलवून उठवलं असतं आणि म्हटलं असतं, ऐक तुझ्या भावाला.

खाटेजवळ स्टूल ओढून बसलो. श्वास मधे अडतो का तेवढं ऐकलं. अडत नाही. सरळ, एका लयीत घोरणं आहे. बेअरिंग चांगलं आहे.

सकाळ, नऊ वाजता
बस गेली.

मेहुण्याने उठवायला सांगितलं होतं. वेळ माहीत होती, मी जागाच होतो, शेजारीच बसलो होतो. उठवलं नाही. अजून घोरतोय. उठल्यावर हळहळेल, दाजी, तुम्ही हाक का नाही मारलीत म्हणेल. म्हणू दे. एवढे दिवस मला झोपू दिलं नाही, त्याचा सूड मी असा घेतला.

दुपारीही एक बस आहे. तेव्हाही सूड घेणार आहे.