बियाण्याला राखलेलं विमान

बाबा, तुमच्या विमानाबद्दल त्या दुपारनंतर आपल्या घरात कुणी अवाक्षर काढलं नाही. आता आई गेली, सांडोरची वाडी विकली गेली, मीसुद्धा तुमच्या तेव्हाच्या वयाच्या पुढे निघून आले. बोलायचं तर तुमच्याशीच उरलंय. तुमच्याशी बोलायचं म्हणजे घसा फोडायचा, आळीला सगळं ऐकू जायचं. कागदावर ती कटकट नाही, म्हणून लिहायला बसले.

कानांपायीच तुमची नोकरी गेली. इतकी वर्षं विमानदलात इंजिनांच्या त्या किंकाळीपाशी उभं राहून दुसरं काय होणार होतं? एकाहत्तरच्या लढाईत त्या विमानाची चाकं, पंख, सांधेजोड, सगळं तुमच्या हातचं. लहानखुरं लढाऊ विमान ते, आपल्या विहिरीवरच्या खंड्यासारखं, असं तुम्ही म्हणायचात. तुम्हाला पेन्शनीत काढलं आणि पुढे काही वर्षांनी त्या जातीची विमानंही काढली. बाकीची गेली भंगारात, नाहीतर चौकातल्या खांबावर. एकच ठेवलं, चाचणीसाठी, आणि ते नेमकं तुमचं. त्या दिवशी तुम्ही वसईहून जिलबी घेऊन आलात. आई फणकारली, "जळलं मेलं ते विमान! लेक पास झाली तेव्हा नाही सुचली जिलबी." तुम्हाला ऐकू आलं नाही, किंवा आलं आणि तुम्ही सोडून दिलंत. म्हणालात, "मला काढलं, पण त्याला ठेवलं. दोघांतलं एक तरी कामावर आहे."

आणि ठेवलेलं म्हणजे काय, हे आपल्या वाडीत कुणाला सांगावं लागत नव्हतं. मांडवावर दुधी लागले की तुम्ही त्यातला एक सरळ, निरोगी निवडता आणि त्याच्या देठाला लाल पट्टी बांधता. पट्टीही विमानाचीच, विटलेली, नोकरीवरून आणलेली. मला समजावता, "विमानावर ही दिसली की उडण्याआधी काढायची. दुधीवर दिसली की हात लावायचा नाही." बाकीचे दुधी टोपल्यांतून बाजारात जातात, हा लोंबत राहतो, साल लाकडासारखी होईपर्यंत, आत बी खुळखुळेपर्यंत. अर्नाळ्याची कोळीण सुकट घेऊन येते, मांडवाखाली वाकून विचारते, "ओ भाऊ, यो कोनासाठी ठेवलाय? द्या की मना!" तुम्ही दोन्ही हात आडवे करता. "तो बियाण्याचा. पुढच्या सालची वाडी आहे त्यात." मग चाचणीसाठी ठेवलेलं विमान म्हणजेसुद्धा तुमच्या लेखी बियाण्याचंच. नवा रेडिओ, नवं चाक, काहीही आलं तरी आधी त्याच्यावर बसवून बघणार, म्हणजे पुढची सगळी विमानं त्याच्या पोटातून येणार. आम्ही मायलेकीही तेच धरून चाललो. वाडीवाल्यांच्या घरात दुसरं काय सुचणार? माझी बारावी झाली की आम्हा दोघींना ते दाखवायला नेणार होतात. "हात लावू देतील," म्हणायचात, "माझी माणसं आहेत तिथे."

मग तुमचा तो साताऱ्याकडचा दोस्त आला, बरोबर नोकरी केलेला. पडवीत बसला, चहा झाला, आणि तुम्ही पहिलाच प्रश्न टाकलात, "आपलं कसं आहे?" आजारी नातेवाइकाची चौकशी करावी तसं विचारलंत. तो हळू काहीतरी बोलला. तुम्ही कानामागे हात धरलात. बिचारा पुन्हा बोलला, तुम्हाला कळेना. शेवटी त्याला ओरडावंच लागलं. "मोडलं रे! मुद्दाम मोडलं!" शेजारीण कपडे वाळत घालायची थांबली. "काही दिवस उडवलं. मग सुटे भाग मिळेनात. ठेवायचं का काढायचं, कुणाचं ठरेना. शेवटी शेडमध्ये लोखंडी घोड्यांवर चढवलं आणि पंखांवर वजन टाकत गेले. जुनं विमान किती सोसतं ते बघायला. मोडेपर्यंत!" आणि तुम्हाला बरं वाटावं म्हणून वर आणखी ओरडला, "पण लई टिकलं बरं का! सगळे म्हणाले, म्हातारं दणकट!"

तुम्ही कप खाली ठेवलात. मग विचारलंत, "कुठून मोडलं?"

"डाव्या पंखाच्या मुळापाशी!"

"आवाज झाला?"

त्याने मान डोलावली. कान गेलेला माणूस विचारत होता, आवाज झाला का.

पाहुण्याला एसटीत बसवून तुम्ही तडक वाडीत गेलात आणि पट्टीवाला दुधी काखेत मारून आलात. आईपुढे ठेवलात. "आज ह्याची भाजी कर."

"अहो, हा बियाण्याचा!" आईने कपाळाला हात लावला. "अजून पुरता वाळलाही नाही. ना धड भाजीचा, ना धड बियाचा."

"कर म्हटलं ना."

विळीवर तो चिरेना, कोयत्याने फोडावा लागला. आईने चण्याची डाळ घालून रटारटा शिजवला, तरी धागे धागेच. आम्ही दोघींनी घास काढून ठेवले. तुम्ही ताटातलं सगळं चावून चावून संपवलंत. मला तुमचा असा संताप आला होता! विमान त्यांनी मोडलं, मग तुम्ही आमची पुढच्या सालची वाडी का चावून खाताय? तेव्हा बोलले नाही. थोडा राग अजून आहे.

त्या साली तुम्ही मांडव घातला नाहीत. शेजारणीने ओंजळभर बी आणून दिलं, ते पडवीत तसंच पडून राहिलं, घुशींनी खाल्लं. दिवाळीच्या आधी तुम्ही गेलात. डॉक्टरांनी छातीचं कारण सांगितलं, आम्ही माना हलवल्या.

परवा घराची किल्ली द्यायची म्हणून आवरायला गेले होते. चुलीमागच्या कोनाड्यात एक डबा निघाला, त्याला तुमची लाल पट्टी गुंडाळलेली. आत राख, आणि राखेत दुधीचं बी. आईने त्या दिवशी दुधी फोडताना गुपचूप काढून ठेवलेलं. तुम्हाला बोलली नाही, मलाही नाही, आणि पेरलंही नाही कधी. मी तिथेच भुईवर बसून रडले.

जुन्या बियाचं काय करायचं, ते तुम्हीच शिकवलंत. चार बिया ओल्या फडक्यात बांधायच्या, कोंब आला तर बाकीच्या पेरायच्या. माझ्या गॅलरीत कुंडी आहे, माती आहे, फडकंही काढून ठेवलंय. अर्धंकच्चं, त्यात इतकं जुनं बी, जीव कुठला असायला, हे मला कळतं. तरी रोज डबा उघडते, बघते, आणि पट्टी पुन्हा बांधून ठेवते. हे पत्रही त्या डब्याखालीच राहील. बाबा, ते फडकं भिजवायचा मला धीर होत नाही.